हराळीचं पोतं

आमच्या कॉलेजचे पीटीचे सर माणसाला नावानं ओळखत नाहीत. माणूस कोणत्या अंगावर पडतो, त्यावरून ओळखतात. परवा बसवकल्याणच्या बसस्टँडवर गाठ पडली. उमरग्याच्या गाडीतून उतरत होते, हातात पिशवी, पायात काही नाही. मी हाक मारली. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं आणि अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "कोण? डावीकडं पडणारी व्हय?" आजूबाजूची चार माणसं वळून माझ्याकडं बघायला लागली. चाळिशीला टेकलेली, दोन लेकरांची आई, त्याच कॉलेजात कॉमर्स शिकवणारी मी, आणि चारचौघांत माझी ओळख ही अशी. मी आपली म्हणाले, "व्हय सर, तीच."

दुसरं कुणी असतं तर तिथंच झाडलं असतं. माझी जीभ कशी आहे ते आमच्या स्टाफरूमला विचारा. पण ह्या माणसापुढं माझं काही चालत नाही, आणि का चालत नाही ते एकदा नीट सांगून टाकावं म्हणून लिहायला बसले आहे.

सर मूळचे आळंदकडचे. घरात कानडी, बाजारात मराठी आणि चिडले की दखनी उर्दू. शिव्या दखनीतच का, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "कानडीत दिली तर आपल्याच आईला दिल्यागत वाटतंय. मराठीत दिली तर पोरांच्या आया भांडायला येतेत. दखनीत दिली की पोरं हसतेत, अन् काम बी करतेत." कपाळाला विभूती, गळ्यात लिंग आणि त्याच्या शेजारीच शिट्टी. सकाळची पूजा झाल्याशिवाय शिट्टीला तोंड लावायचे नाहीत. ट्रॅकची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली आणि पाय बारा महिने अनवाणी.

मी पहिल्या वर्षाला असताना त्यांनी मुलींचा फुटबॉलचा संघ काढला. मोजून अकरा पोरी. बारावी मिळालीच नाही, त्यामुळं आजारी पडायची कुणाला परवानगी नव्हती. पहिले आठ दिवस सरांनी आम्हाला बॉल दाखवला सुद्धा नाही. नुसतं पडायला शिकवलं. "बॉल कुठं बी जाऊ दे. आधी पडायला शिका, न्हाई तर हाडं जुळवायला सोलापूरला जावं लागंल." पडून झालं की वहीत लिहायचे. नावं नाहीत, नुसतं डावी, उजवी, डावी. एकीसाठी 'तोंडावर' असं लिहिलं होतं आणि ते तीन वर्षं खोडलं नाही. ती आता हुलसूरला बँकेत मॅनेजर आहे, अजूनही सर तिला 'तोंडावरची' म्हणतात आणि ती चहा पाजते.

मी गोलकीपर कशी झाले तेही ऐका. आमचं गाव हुलसूरजवळ, घरी शेती. कडब्याची गंजी रचताना खालून एकजण पेंढ्या फेकतो आणि वर उभं राहून दुसऱ्यानं त्या झेलायच्या असतात. आमच्या घरात झेलायचं काम लहानपणापासून माझ्याकडं. हे सरांना कळलं, त्यांनी माझ्या उंचीकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, "जा, गोलात उभी राहा. पेंढी आली समजून धर." मी धरायला लागले. पेंढी धरताना पडावं लागत नाही, इथं पडावं लागायचं, एवढाच फरक.

पण पडायचं कशावर? आमचं मैदान म्हणजे तांबडा मुरूम. त्यावर बॉल उड्या मारायचा आणि आमची कातडी तिथंच राहायची. मला उजवीकडं झेप घेता येतच नव्हती, सगळं डावीकडं. त्यामुळं उजवं कोपर नवरीसारखं आणि डावं खरवडलेल्या गाजरासारखं. एक खपली धरायच्या आत दुसरी.

दुसऱ्या वर्षी मला बघायला पाव्हणे यायचं ठरलं. त्याच्या चार दिवस आधी मॅच होती. मी पेनल्टी अडवली आणि कोपरापासून मनगटापर्यंत सोलून निघाले. संध्याकाळी आईनं बघितलं. कॉलेजची पहिली गाडी किती वाजता, एवढंच विचारलं, तिथंच मला कळलं की आता काही खरं नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ती माझ्याबरोबर कॉलेजात आली, पदर खोचलेला.

"कोण हाय तो मास्तर?"

सर गोलाच्या खांबाला टेकून भाकरी खात होते. आईनं माझा हात धरून त्यांच्या तोंडासमोर नेला. "हे बगा! बगा हे कोपर! तीन दिसांनी पाव्हणे यायलेत. पोरीला काय झालंय मनून इचारले तर मी काय सांगू?"

सरांनी भाकरी खाली ठेवली. माझं डावं कोपर नीट बघितलं. मग उजवं उचलून बघितलं आणि म्हणाले, "उजवं चांगलं हाय की."

"मास्तर!"

"तसं न्हाई अक्का. ही डावीकडंच पडती, मनून बगितलं." मग थोडा वेळ त्या मुरमाकडं बघत बसले. आई आता आणखी काय काय ऐकवायचं ह्याची मनात जुळणी करायली होती, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "अक्का, तुमच्या रानात हराळी हाय का?"

आता हराळी म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही ते सुखी आहेत. गणपतीला वाहिली की दुर्वा, रानात उगवली की हराळी, आमच्याकडं कानडीत करकी. गवत तेच. पण तुरीत किंवा ज्वारीत शिरली की माणसाला रडवते. हातभर खणून काढा, बोटाएवढं कांडं जरी मागं राहिलं तरी महिन्याभरात परत हजर. आई म्हणायची, हराळी आणि भाऊबंद मुळासकट कधी निघत नाहीत. आमचा अर्धा उन्हाळा ती खणण्यात जायचा. खणून बांधावर वाळवायची आणि जाळायची. दुसऱ्याच्या रानातून येताना कुदळीला चिकटलेली माती सुद्धा झाडून यायचं, असा रिवाज. त्यामुळं 'तुमच्या रानात हराळी हाय का' असं एखाद्या बाईला विचारणं म्हणजे 'तुमच्या घरात ढेकणं हायत का' असं विचारण्यासारखं आहे.

"आमच्या रानात? हराळी?" आईचा आवाज चढला. "मास्तर, जरा जीभ सांभाळून बोला!"

"राग मानू नका अक्का. मला पायजे होती."

"काय पायजे होती?"

"हराळी. हितं लावायला. पोरी पडतेत."

माझ्या आईला बोलायला शब्द सापडला नाही, असं मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. बऱ्याच वेळानं म्हणाली, "बांधाला हाय थोडी. लागल तितकी न्या. वर जेवायला बी घालते."

सर रविवारी खरोखरच आले. एक पोतं आणि स्वतःची कुदळ घेऊन. सकाळपासून दुपारपर्यंत आमचा बांध खणत होते, एकेक मूळ न तुटता काढत होते, माती हळूच झाडत होते. गाव बघायला लोटलं. कॉलेजातला शिकलेला माणूस आपण होऊन हराळी खणतोय आणि पोत्यात भरून घरी नेतोय, हे गावाच्या सात पिढ्यांनी बघितलं नव्हतं. माझे वडील लांब बसून होते. आईला हळूच म्हणाले, "मास्तर बरा हाय न्हवं?" दुपारी सर जेवायला बसले तेव्हा अंगणात तीन शेतकरी हात जोडून उभे होते. "सर, आमच्या बी रानात या की. आमची लई दाट हाय."

संध्याकाळी पोतं बसमध्ये चढवायला मी गेले होते. कंडक्टरनं पायानं पोतं ढकलून विचारलं, "सर, काय हाय पोत्यात?"

"हराळी."

"फेकायला चाललाव?"

"लावायला."

मग खिडकीजवळचे एक म्हातारे उठून उभे राहिले. "ये ड्रायव्हर! गाडी आमच्या गावाच्या शिवारातून जायलीय. ह्यातली एक काडी जरी खाली पडली तर मी गाडी पुढं जाऊ देत न्हाई!" म्हाताऱ्यांच्या मागच्या बाईनं पाय उचलून सीटवर घेतले. तिचं बघून बाकीच्यांनीही घेतले. सर मात्र पोत्याच्या तोंडावर बसून, दोन्ही हातांनी ते आवळून, बसवकल्याणपर्यंत गेले म्हणे. दुसऱ्या दिवशी मला सांगताना हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

ती हराळी त्यांनी गोलाच्या तोंडाशी लावली. कांड्याचे तुकडे करून, अंगठ्यानं मातीत दाबत. पण निम्म्याच गोलात, डाव्या खांबापासून मधोमधपर्यंत, दाट. उजवीकडं मुरूम तसाच. पोतं एकच होतं, तिथं येऊन सरलं असेल, असं मला वाटलं. विचारलं नाही. आणि हो, पाव्हणे आले होते. मुलानं कोपर बघून विचारलं, हे काय लागलं? मी म्हणाले, पेनल्टी अडवली. त्यानं विचारलं, "मॅच जिंकली का?" तोच आज माझा नवरा आहे. पण त्याची गोष्ट वेगळी आहे, इथं नको.

पुढच्या उन्हाळ्यात सरांनी हुलसूर, आळंद, सगळीकडची हराळी आणली. पाण्याची अडचण होती, तीही त्यांनी आपल्या पद्धतीनं सोडवली. कॉलेजच्या भिंतीला लागून एक मठ आहे. तिथं रोज दासोह असतो, येईल त्याला जेवण. तांदूळ धुतलेलं, हात धुतलेलं पाणी गटारीत जायचं. सरांनी मठात जाऊन स्वामींना सांगितलं, "शेकडो माणसं हितं जेवतेत. आमची हराळी बी उपाशी हाय, तिला पंगतीत घ्या." स्वामी हसले आणि पाइप टाकायला परवानगी दिली. तेव्हापासून मठात सणाची पंगत असली की आमचं मैदान हिरवंगार दिसायचं. श्रावण सरला की जरा सुकायचं.

मग नियम आला. मैदानाच्या कडेनं चुन्याची रेघ, आणि रेघेच्या आत चप्पल नाही. बूट चालतील. ह्यावर एका प्रोफेसरांनी वाद घातला होता की बुटानं जास्त खराब होतं. सर म्हणाले, "बूट खेळायला येतेत. चपला फुकट फिरायला येतेत." प्राचार्य असोत, तहसीलदार असोत, रेघेवर आले की चपला काढायचेच. काढल्या नाहीत तर शिट्टी. आणि ती शिट्टी चपला काढेपर्यंत थांबायची नाही. पाच-सात वर्षांत अख्ख्या गावाला एवढी सवय लागली की चुन्याची रेघ दिसली की लोकांचे हात आपोआप खाली जायचे. एका लग्नाच्या मांडवात कुणीतरी चुन्यानं रेघ मारली होती, तिथं वऱ्हाडाच्या चपलांचा ढीग लागला होता.

रोज पहाटे सर मैदानावर गाल टेकून आडवे व्हायचे आणि एक डोळा मिटून लांबवर बघायचे. उंचवटा कुठं, खोलगट कुठं, सगळं त्यांना तसं दिसायचं. नवीन वॉचमननं एकदा हे बघितलं आणि सर गेले म्हणून बोंब ठोकली होती.

अशी वर्षं गेली. मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले. सरांचे केस पिकले. आणि ह्या वर्षीच्या जानेवारीत परदेशात असणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं पत्र आलं. कॉलेजला तो प्लास्टिकच्या गवताचं मैदान, म्हणजे टर्फ, करून द्यायला तयार होता. संस्थेचे अध्यक्ष खूष. ठरवायला पाच जणांची कमिटी झाली, त्यात मी. हो म्हटलं की मे महिन्यात मशीन येणार, हातभर माती खरडून काढणार आणि प्लास्टिक अंथरणार. सर जूनमध्ये रिटायर होणार होते. म्हणजे नोकरीच्या शेवटच्या महिन्यात त्यांनी उभं राहून आपली हराळी ट्रॅक्टरमध्ये भरताना बघायची.

आणि खरं सांगते, लपवत नाही, मी प्लास्टिकच्या बाजूनं होते. का म्हणाल तर आताच्या पोरी. त्यांची कॅप्टन माझ्या वर्गात आहे, तिनं मला सरळ विचारलं होतं, "मॅडम, पावसाळ्यात चिखल मनून बंद, उन्हाळ्यात पाणी न्हाई मनून निम्मं बंद. आमी खेळायचं तरी कवा?" पाठीमागून मत देणं माझ्या स्वभावात नाही. मी पहाटे मैदानावर गेले. सर गाल टेकून पडले होते.

"सर, मी टर्फच्या बाजूनं हाय."

ते उठले नाहीत. पडल्या पडल्याच म्हणाले, "कामून?"

मी पोरींचं सगळं सांगितलं. "खरं हाय," म्हणाले.

"दासोहाचं पाणी एप्रिल-मेमध्ये पुरत न्हाई."

"हे बी खरं हाय."

"अन् सर, जूनला तुमी जाणार. मग हे कोण बगणार?"

तेव्हा ते उठून बसले. गालाला गवताच्या काड्या चिकटलेल्या होत्या. मी त्यांना कधी म्हातारं समजत नव्हते, त्या दिवशी ते मला म्हातारे दिसले. माझंच मन मला खायला लागलं. गालावरची एक काडी काढत म्हणाले, "तू खोटं बोलायलीस असं मी मनत न्हाई माय. पर एक करा. ज्यानं ठरवायचं, त्यानं आधी दोन्हीवर पडून बगायचं. नुसतं कागद बगून न्हाई."

एवढंच. पुढं महिनाभर त्या विषयावर अक्षर काढलं नाही. पाणी मारायचे, काड्या वेचायचे, सगळं रोजच्यासारखं.

एप्रिलमध्ये कंपनीचा माणूस एक तुकडा घेऊन आला. खोलीएवढा, हिरवागार, बघायला खरंच देखणा. गोलाच्या मागं अंथरला. अध्यक्षांना सवड दुपारी बाराची, म्हणून कमिटी बाराला जमली. अध्यक्ष म्हणजे पांढरंशुभ्र धोतर, भारदस्त माणूस, सगळे त्यांना अप्पा म्हणतात. आणि आमच्याकडं पूजा केल्याशिवाय नव्या झाडूला सुद्धा हात लावत नाहीत, तर हे प्लास्टिक कसं सुटणार? सेक्रेटरींच्या हातात ताट, ताटात नारळ, कापूर, उदबत्ती, कुंकू.

सगळे चुन्याच्या रेघेपाशी आले. सरांनी शिट्टीला हातही लावला नाही. पण इतक्या वर्षांची सवय. अप्पांनी चपला काढल्या, सेक्रेटरींनी काढल्या, प्राचार्यांनी काढल्या, मीही काढल्या. हराळीवरून गप्पा मारत, आरामात, सगळे गोलाच्या मागं गेलो. आणि अप्पांनी दोन्ही पाय त्या हिरव्या तुकड्यावर ठेवले.

"अय्ययो!"

अप्पा उडाले. एवढा जाडजूड माणूस एवढा उंच उडेल असं कुणाला वाटलं नव्हतं. त्यांच्या मागोमाग सेक्रेटरी पुढं आलेलेच होते, त्यांचेही पाय पडले. ते ताट घेऊन एका पायावर नाचायला लागले, नारळ गडगडत गोलात गेला. प्राचार्य मला धरून थांबले म्हणून वाचले. कंपनीचा माणूस बूट घालून उभा होता, त्याला काय चाललंय तेच कळेना. "साहेब, चप्पल घाला ना!"

"चपला रेघेभाईर हायत!" अप्पा हराळीवर पाय घासत ओरडले. आणि एवढं होऊनही चपला आत आणायची हिंमत कुणाची झाली नाही.

पूजा अर्धी कशी सोडणार? अप्पांनी हराळीवर उभं राहूनच वाकून उदबत्ती प्लास्टिकमध्ये खोचायचा प्रयत्न केला. आम्ही मैदानात उदबत्ती नेहमी मातीतच खोचतो. ती आत जाईना. दोनदा आडवी झाली, तिसऱ्यांदा जिथं पडली तिथं प्लास्टिक वितळून एक काळं भोक पडलं. कंपनीच्या माणसानं झडप घालून ती उचलली. बिचारा घामाघूम झाला होता. म्हणाला, "साहेब, उन्हाळ्यात हे तापतंच. खेळायच्या आधी पाणी मारून घ्यायचं असतं, मग काही त्रास नाही."

सर पुढं आले. "काय मारून घ्यायचं?"

"पाणी."

"हिला बी पाणी लागतंय?"

"गार करायला. उन्हाळ्यापुरतं."

"मग ते पाणी पिऊन ही वाढती का?"

"नाही हो. प्लास्टिक आहे."

"अस्सं," सर म्हणाले आणि परत मागं जाऊन उभे राहिले. अप्पांनी माझ्याकडं बघितलं, मी प्राचार्यांकडं. आमच्या सगळ्या कागदांवर पहिला मुद्दा हाच होता, की ह्याला पाणी लागत नाही.

"आता पडून बगा," सर म्हणाले.

कोण पडणार? अप्पांनी धोतर सावरलं. प्राचार्यांना मणक्याचं दुखणं. सेक्रेटरी नारळ शोधायला गेले ते आलेच नाहीत. सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझ्या अंगात पंजाबी ड्रेस. मनात म्हटलं, होऊन जाऊ दे. ओढणी कमरेला बांधली आणि गोलात उभी राहिले. पोरी वर्गाच्या खिडक्यांतून बघत होत्या, त्यांनी शिट्ट्या सुरू केल्या. सरांनी बॉल ठेवला आणि मारला, डावीकडं. मी झेपावले. इतक्या वर्षांनी! बॉल हातात, मी हराळीत, ओढणी हिरवी, आणि कुठंही काही दुखलं नाही. मग प्लास्टिक, तिथं एकेक पाय उचलत उभी राहिले. बॉल तिथं सरळ आणि छान आला, हे सांगितलंच पाहिजे. हराळीवर तो कधीकधी मनाला येईल तिकडं जातो. मी झेपावले, बॉल धरलाही. पण उठले तेव्हा बाही फाटली होती आणि डावं कोपर सोलून निघालं होतं. वर चटका बसलेला वेगळाच.

अप्पा गोलाच्या सावलीच्या पट्ट्यात हराळीवर बसले होते, पाय पसरून. बराच वेळ तळपाय बघत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, तुमीच सांगा काय करायचं."

मला वाटलं, आता हा माणूस जिंकलाय, दखनीत काहीतरी ऐकवणार. पण सर म्हणाले, "पोरींचं म्हणणं खोटं न्हाई अप्पा. पावसाळ्यात त्यांनी कुठं खेळायचं? हॉस्टेलच्या मागं खडक हाय, तितं काही उगवत न्हाई, दुपारनंतर ऊन बी न्हाई. ही हिरवी चादर तितं टाका. पावसात पोरी तितं खेळतील. छोटं हाय, पर हाय. हे हितं राहू द्या."

"अन् तुमच्या मागं हे बगणार कोण?"

सर पायाच्या अंगठ्यानं हराळी नीट करत राहिले.

"मी बगते," मी म्हणाले. म्हणजे तोंडातून निघून गेलं. माझी जीभ अशीच आहे.

"तू? कॉमर्सवाली?" सर म्हणाले. आणि वाकून नसलेली काडी वेचायला लागले.

अप्पांनी तिथंच, हराळीवर बसून, ठरलं म्हणून सांगितलं. पत्र लिहिलं गेलं, त्या जुन्या विद्यार्थ्यानंही आनंदानं होकार दिला. जूनपासून मी पहाटे मैदानावर जाते. वॉचमनला आधीच सांगून ठेवलंय, की मी आडवी दिसले तर बोंब मारू नको.

पण त्या दुपारचं राहिलं. सगळे गेल्यावर मी डाव्या खांबाला टेकून बसले होते. सर तांब्यात पाणी घेऊन आले आणि माझ्या कोपरावर धार धरली. झोंबलं. मी म्हणाले, "घरी आई आलीय सर. ती हे बगून काय म्हणंल?"

"आणिक एक पोतं मागायला येतो मनून सांग."

मी हसले. धार पडत होती ते पाणी हराळीतच जिरत होतं. खांबापाशी ती बाकी मैदानापेक्षा दाट आहे, जुनी आहे ना. आमच्या बांधावरची. बघता बघता मला तो निम्माच लावलेला गोल आठवला, आणि इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं, "सर, ते पैलं पोतं थोडं थोडं दोन्हीकडं पुरलं असतं की. उजवीकडं कामून न्हाई लावलं?"

सरांनी माझ्याकडं असं बघितलं, की इतकी साधी गोष्ट हिला कशी कळत नाही.

"उजवीकडं कोण पडायलतं?"

आणि मी, माझ्यासारखी बाई, भर दुपारी गोलात बसून रडायला लागले. सरांनी तांब्या खाली ठेवला आणि शिट्टी तोंडात धरली.

"रडायचं असंल तर रेघेभाईर," म्हणाले. "खारं पाणी हितं चालत न्हाई."